मासे आणण्याआधीचा महिना

घरात मासे पाळायचे ठरले की सुरुवात बहुधा काचेच्या लहान भांड्यापासून होते. दोन-तीन लिटर पाणी, त्यात एक गोल्डफिश. हे जमलं तर पुढे मोठी टाकी घेऊ, असा विचार असतो. तो काटकसरीचा वाटतो, पण माशाच्या जिवाच्या दृष्टीने उलटा आहे. नवख्याने पहिलीच टाकी मोठी घ्यावी आणि पहिला महिनाभर तिच्यात एकही मासा सोडू नये, असं मी आग्रहाने सांगेन. या दोन्ही सल्ल्यांमागचं कारण एकच आहे.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्यातच त्याची विष्ठा पडते आणि त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. नदीत तो विरून जातो. काचेच्या चार भिंतींत साठत राहतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावतं. तेवढ्याच माशांचा तेवढाच अमोनिया १० लिटरच्या टाकीत पडला, तर तिथे त्याचं प्रमाण २५ पट होतं. मुलांनी चुकून मूठभर खाद्य टाकलं, एखादा मासा मरून झाडामागे अडकला, तर लहान टाकीत एका रात्रीत सगळं संपतं. मोठ्या टाकीत चूक लक्षात यायला दोन-तीन दिवस मिळतात. उन्हाळ्यात हा फरक आणखी वाढतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. शिवाय पाणी गरम आणि अल्कधर्मी असेल तर अमोनिया जास्त विषारी ठरतो. बोअरवेलच्या जड पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. एप्रिलच्या दुपारी लहान भांडं काही तासांत तापतं, अडीचशे लिटर पाणी सावकाश तापतं आणि माशाला सावरायला वेळ देतं.

पण नुसतं जास्त पाणी पुरत नाही. अमोनिया निकामी करणारे जिवाणू टाकीत वस्तीला यावे लागतात. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच: माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने जाते आणि पाण्यात हवा असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. ही वस्ती फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर जमते आणि तिला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून फिल्टर चालू ठेवून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावं, ते कुजून जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीतल्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणावा. त्याने बरेच दिवस वाचतात. थेंबांनी पाणी तपासायचं किट दुकानात मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार झाली.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय, मग थांबायचं कशाला, असं कोणी विचारेल. अमोनियाला रंग नसतो. नवी टाकी सर्वांत नितळ दिसते तेव्हाच ती सर्वांत धोकादायक असू शकते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही डोळ्यांना दिसत नाही आणि ते मासे व जिवाणू दोघांनाही मारतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, पण पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग असेल, तर ते तसं जात नाही. अँटीक्लोरीनचे थेंब हा खात्रीचा उपाय. याच कारणाने फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

मोठ्या टाकीवरचा खरा आक्षेप वजनाचा आहे, आणि तो रास्त आहे. पाणी, काच, वाळू, स्टँड मिळून वजन सव्वातीनशे किलोच्या पुढे जातं. टाकी भिंतीला लागून, शक्यतो तुळईवर ठेवावी. जुन्या वाड्याच्या लाकडी माळ्यावर ती नकोच. शंका असेल तर इमारतीच्या अभियंत्याला विचारावं. स्टँडवर पाणसळ ठेवून पातळी बघावी आणि टाकीखाली थर्मोकोल घालावा, नाहीतर एका कोपऱ्यावर ताण येऊन काच तडकते. दुसरा आक्षेप पाण्याचा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे चार बादल्या. टंचाईच्या गावात हे जड वाटेल, पण त्या पाण्यातलं नायट्रेट झाडांना खत आहे. कुंड्यांना, परसबागेला जे पाणी घालणारच होतो, ते आधी टाकीतून जातं एवढंच. विजेचं मात्र नियोजन हवं. तासन्‌तास वीज गेली की बंद फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असावा.

महिन्यानंतर सुरुवात आपल्याच देशातल्या काटक माशांनी करावी: पाच-सहा झेब्रा डॅनिओ, दोन आठवड्यांनी तेवढेच रोझी बार्ब. एकदम वीस मासे सोडले तर जिवाणूंची वस्ती त्यांना पुरी पडत नाही. विकत घेताना मासा आज केवढा आहे हे बघू नका, पूर्ण वाढल्यावर केवढा होईल ते विचारा. ‘टाकी साफ करणारा’ म्हणून बोटाएवढा विकला जाणारा सकर फूटभराहून मोठा होतो. मग तो नदीत किंवा तलावात सोडून दिला जातो. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा भारतातल्या जलाशयांत आता पसरला आहे. तो काठ पोखरतो आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. टाकीत मावेनासा झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, नदीत कधीही सोडू नका.