आपल्या गल्लीतील बारा मजले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे आभार मानावेत, अशी आपली रीत आहे. ते काम चिटणीसबाईंनी उत्तम रीतीने केलेच आहे. मला समितीने निराळा विषय दिला. गल्लीच्या तोंडाशी असलेली सोळा बिऱ्हाडांची सोसायटी पाडून तिथे बारा मजल्यांची, साठ सदनिकांची इमारत व्हायची आहे, तिच्याविषयी चार शब्द बोला, असे सांगितले. विषय नाजूक आहे. त्या सोसायटीतल्या अकरा जणी आपल्या सभासद आहेत, आणि इमारत नको म्हणणाऱ्याही आपल्याच. गेल्या महिन्यात भजनाच्या वर्गाला दोन्ही बाजूंच्या बायका वेगवेगळ्या सतरंज्यांवर बसल्या, हे मी पाहिले आणि मला ते मुळीच आवडले नाही.

आपण सगळ्या इथे कशा आलो, ते थोडे आठवू या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी पुढे पुण्यात पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या. आपली वसाहत त्यांतलीच. आपल्या सासवा इथे राहायला आल्या तेव्हा त्याही नव्यानेच आल्या होत्या. म्हणून ‘नव्या इमारतीत कोण कुठले लोक येतील कोणास ठाऊक’ हा जो आक्षेप पुन्हा पुन्हा कानांवर येतो, तो मला मान्य नाही. येणारी माणसे आपल्यासारखीच हप्ते फेडणारी असतील, आणि त्यांच्यातल्या बायका कदाचित आपल्या हळदीकुंकवालाही येतील.

दुसरी बाजूही सांगते. त्या सोसायटीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या एक ज्येष्ठ सभासद गुडघ्यांमुळे चार महिने खाली उतरलेल्या नाहीत, आजही त्या इथे नाहीत. गच्चीची गळती, सज्जाचे पडलेले गिलाव्याचे पोपडे, हे ज्यांना रोज सोसावे लागते त्यांना ‘जुने तेच छान’ असे आपण आपल्या बंगलीच्या ओसरीवरून सांगणे शोभत नाही.

मात्र काही शंका अगदी रास्त आहेत. पहिली पाण्याची. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे शहरी पाणीपुरवठ्याचे सर्वसाधारण प्रमाण धरले जाते. घरटी पाच माणसे धरली तर आज सोळा बिऱ्हाडांना १०,८०० लिटर लागते. साठ बिऱ्हाडांना ४०,५०० लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर रोज, आणि ते याच गल्लीतून आत यायचे! सकाळच्या पाण्याचा जोर आत्ताच कसा असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. एवढे पाणी कोणत्या नळातून येणार, याचे उत्तर आपल्याला अजून कोणी दिलेले नाही.

दुसरी रस्त्याची. इमारत किती उंच न्यायची हे पुष्कळसे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. पुण्यात रस्ता ९ मीटरचा आहे की नाही, यावर टीडीआर वापरता येतो की नाही, हे ठरत आले आहे. नकाशात आपला रस्ता ९ मीटर दाखवला आहे असे समजल्यावर शिवणवर्गाच्या चौघी जणी टेप घेऊन गेल्या. (पुरुषमंडळी नाक्यावर उभी राहून हसत होती, हसू देत.) विजेच्या खांबापाशी रुंदी सात मीटर तीस सेंटिमीटर भरली. उद्या दहाव्या मजल्यावर आग लागली तर बंब तिथून वळेल का, हा प्रश्न नव्या बिऱ्हाडांच्याही जिवाचा आहे.

कोपऱ्यावरच्या जांभळाचे काय, असे इस्त्रीवाल्याच्या बायकोने मला विचारले. त्याच्याच सावलीत त्यांची गाडी उभी असते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्यापूर्वी झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. जांभूळ त्याहून जुने आहे, हे सांगणाऱ्या तीन आजीबाई आपल्यात बसल्या आहेत. त्यांचे म्हणणे लिहून घेतले पाहिजे.

सोसायटी पाडावी की नाही, यात शेजाऱ्यांना मत नाही. ते तिच्या सभासदांनी ठरवायचे. २०१९ साली शासनाने त्यासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती ठरवली. परंतु मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. प्रकल्पाची महारेरावर नोंदणी झाली की त्याची माहिती कोणालाही पाहता येते. आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात वस्तीत आवाज करणारी यंत्रे चालवता येत नाहीत, हे परीक्षेच्या दिवसांत उपयोगी पडेल.

आता त्या अकरा जणींना एक विनंती. घर दोघांच्या नावावर असेल तर कागदावर तुमचीही सही लागते. ‘इथे कर ग सही’ असे म्हणून कागद पुढे आला तर आधी वाचायला मागा. दोन-तीन वर्षे बाहेर राहायचे, त्याचे भाडे किती, ते थकले तर काय, बँकेची हमी आहे का, नव्या घराचे कार्पेट क्षेत्र किती, आणि करार नोंदणीकृत होणार का, हे सारे त्यात पाहा. समजले नाही तर आपल्या सभासद वकीलबाई दर गुरुवारी संध्याकाळी इथे बसायला तयार आहेत. शेजारणींनीही आपली भाडेकरू-खोली मोकळी असेल तर आधी यांना विचारावे. गल्लीतच राहता आले तर म्हाताऱ्या माणसांचे हाल टळतील.

महापालिकेला द्यायच्या पत्राचा मसुदा मागच्या टेबलावर आहे. त्यात ‘इमारत नको’ असे कुठेही लिहिलेले नाही. पाणी, सांडपाणी, रस्त्याचे मोजमाप आणि जांभूळ, एवढेच विचारले आहे. वाचून, पटले तरच सही करावी आणि नावापुढे घर क्रमांक घालावा. फराळानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे कागद घेऊन कोणी दोघी जणी जाणार असतील तर त्यांनी माझ्याकडे नाव द्यावे.