उंबरठ्याआडचा हक्क



घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या इतिहासात 1980 हे साल दोन परस्परविरुद्ध कारणांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्या साली पुण्यातील मोलकरणींनी संप पुकारला, आणि ज्या कष्टांना कोणी काम म्हणायलाही तयार नव्हते, ते थांबले की अवघे घर कसे खोळंबते, हे शहराला दाखवून दिले. त्याच साली, ज्या संयुक्त अरब अमिरातीत आपण आज जमलो आहोत, तेथील कामगार कायद्यातून घरकामगारांना वगळण्यात आले.

त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला 2017 साल उजाडले. त्याची जागा घेणारा, 15 डिसेंबर 2022 पासून अंमलात आलेला कायदा आठवड्याची एक सुट्टी, दिवसाकाठी बारा तासांची विश्रांती आणि त्यात सलग आठ तास, तसेच वर्षाला तीस दिवसांची भरपगारी रजा यांची हमी देतो. पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवण्यास मज्जाव करतो. या तरतुदी मोलाच्या आहेत, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु घरमालकाची संमती किंवा सरकारी अभियोक्त्याची परवानगी असल्याखेरीज तपासनिसाला घरात पाऊल टाकता येत नाही. आणि जिचा व्हिसाच मालकाच्या हमीवर उभा आहे, ती न सांगता बाहेर पडली तर ती फरार झाल्याची फिर्याद तिच्याच माथी बसू शकते. मग दाद मागायची ती कोणी, आणि कोणत्या दाराने?

पुण्याची मोलकरीण संध्याकाळी आपल्या वस्तीत परतत असे. तेथे नळावर चार जणींची गाठ पडे, पगाराची तुलना होई, आणि त्या बोलण्यातूनच संघटना उभी राहिली. येथे कामगार संघटनेला परवानगी नाही. आणि स्वयंपाकघरालगतच्या खिडकीवाचूनच्या खोलीत राहणाऱ्या बाईला वस्तीही नाही. म्हणून आठवड्याची सुट्टी ही केवळ विश्रांती नव्हे. बाकीचे हक्क ज्यातून ठाऊक होतात, असा तो मूळ हक्क आहे.

आपल्या सरकारनेही संरक्षणाच्या हेतूने एक भिंत घातली आहे. दहावी न झालेल्या, तीस वर्षांखालील स्त्रीला घरकामासाठी येथे येण्याची परवानगी मिळत नाही; पण गरज तर थांबत नाही, म्हणून ती दलालाचा हात धरून पर्यटन व्हिसावर येते आणि ज्या कायद्याने तिला जपायचे, त्याच्या दप्तरात तिचे नावच नसते.

ओळखीच्या एका सुसंस्कृत मराठी घरी, दागिन्यांच्या डब्याखाली, कामवाल्या बाईंचा पासपोर्ट ठेवलेला मी पाहिला. “हरवू नये म्हणून सांभाळलाय,” असे गृहिणी म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात कपट नव्हते, याची मला खात्री आहे. तरीही तो कुलपात होता, आणि किल्ली बाईंकडे नव्हती.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की आज घरी गेल्यावर तो पासपोर्ट त्यांच्या हाती द्यावा, आणि येत्या सुट्टीच्या दिवशी त्या कोठे निघाल्या, हे विचारू नये.