दगडावर चढणारी गाडी

(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी कुणीतरी सभासद आपल्याला येत असलेल्या कामाविषयी चार शब्द बोलते. लोणची झाली, भरतकाम झाले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठ्या विषयाला मी हात घालत नाही. गेले वर्षभर आमच्या घरात जे काम चालले आहे तेच सांगते. रिमोटवर चालणारी, दगडधोंड्यांवर चढणारी गाडी कशी जोडावी आणि कशी जमवावी, हा माझा विषय. तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. म्हणजे खडकावर रांगणारी.

हसू नका हं! आमच्या धाकटीने दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवले, तिच्या मामाने भर घातली, आणि सुट्या भागांचा खोका घरी आला. सासूबाई म्हणाल्या, “मुलीच्या जातीला मोटार कशाला?” मी गप्प राहिले आणि धाकटीशेजारी पाने धरायला बसले.

ही गाडी खऱ्या मोटारीच्या साधारण दहाव्या हिश्शाची असते. शर्यतीच्या गाडीला वेग हवा, हिला जोर हवा. घाट चढताना एस.टी.चा ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, तसेच इथे. मोटरच्या दांड्यावर लहान चक्र, ते फिरवते मोठ्या चक्राला. त्यामुळे वेग कमी होतो आणि जोर वाढतो. मोटरच्या आत तारेचे वेढेही जास्त असतात, 35 किंवा 55. वेढे जास्त, तितकी मोटर सावकाश फिरते. दोन चक्रांचे दाते फार घट्ट बसले तर मोटर तापते, सैल बसले तर दाते झिजतात. म्हणून जोडताना मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, चक्रे दाबून स्क्रू आवळायचा, आणि मग पट्टी काढायची. तेवढी फट बरोबर होते.

आता चाकांचे. साध्या मोटारीत वळताना बाहेरचे चाक जास्त चालते, म्हणून दोन चाके वेगवेगळी फिरण्याची सोय असते. पण दगडावर एक चाक अधांतरी झाले, की सगळा जोर त्या रिकाम्या चाकाकडे जातो आणि टेकलेले चाक स्वस्थ बसते. म्हणून ह्या गाडीत दोन्ही चाके एकत्र बांधून टाकतात. त्याचा तोटा एवढाच, की वळायला जागा जास्त लागते. टायर मऊ रबराचे. त्यांत हवा भरत नाहीत, स्पंज असतो, आणि आतली हवा निघायला बारीक भोक असते. त्यामुळे टायर दगडाच्या कडेवर दबतो आणि तिला धरून बसतो.

सगळ्यांत महत्त्वाचे वजन. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, पुढची चाके उचलतात आणि गाडी उताणी पडते. म्हणून वजन खाली हवे आणि पुढे हवे. बॅटरी पुढे ठेवायची, पुढच्या चाकांजवळ पितळेचे भाग बसवायचे, वरचे टप मात्र हलके ठेवायचे. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ज्या चढ चढल्या आहेत, त्यांना हे जास्त सांगायला नको!

हे सारे अंदाजाने करू नये. आम्ही एक मीटर लांबीची फळी घेतली, तिच्यावर गोणपाट ठोकले, आणि गाडी घसरू नये म्हणून मागच्या चाकांमागे पट्टी मारली. फळीचे एक टोक उचलत गेलो. 70 सेंटिमीटरवर पुढची चाके सुटली. बॅटरी पुढे घेतल्यावर 78 सेंटिमीटरपर्यंत गाडी टिकली. धाकटीचा नियम असा, की एका वेळी एकच बदल करायचा, मोजायचे, वहीत लिहायचे. आमटीत मीठ, चिंच आणि गूळ एकदम वाढवले, तर चव कशाने बदलली हे कसे कळणार?

आणखी दोन-तीन गोष्टी. रिमोटचा चाप सोडला की गाडी उतारावर जागच्या जागी थांबली पाहिजे. तो ब्रेक वेगळा लावून घ्यावा लागतो. चाके पूर्ण वळवल्यावर वळवणारी मोटर गुणगुणत राहिली, तर तिची हद्द थोडी कमी करावी, नाहीतर ती जळते. धातूत धातूचा स्क्रू असेल तेथे आटे पकडणारे निळे औषध थेंबभर लावावे, प्लॅस्टिकला कधी लावू नये.

बॅटरीबाबत मात्र भगिनींनो, कान देऊन ऐका. पुष्कळ घरांत आता अशी खेळणी आहेत. ही लिथियमची बॅटरी. दोन घरांची असली तर ती 7.4 व्होल्टची म्हणतात, पूर्ण भरली की 8.4 होते. तिच्याच जातीच्या चार्जरवर, आपल्या डोळ्यांसमोर भरावी. रात्री लावून झोपू नये, अंथरुणावर ठेवू नये. एका घराचा दाब 3 व्होल्टखाली जाऊ देऊ नये. बरेच दिवस ठेवायची तर दर घराला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये; तिला आग लागू शकते.

आता शेवटचे. धाकटी यंदा दहावी झाली. तिला यंत्रकामाचा तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आहे. घरात दोन मते होती. मी वादात पडले नाही. तिची वही मी ह्यांच्यापुढे ठेवली. पानापानावर मोजमाप, कारण आणि परिणाम. ह्यांनी रात्री जागून ती वाचली आणि सकाळी अर्जावर सही केली. यादी अजून लागायची आहे. नाव लागेल की नाही, देव जाणे. पण सासूबाईंनीच काल विचारले, “वसतिगृहात जेवण कसे असते गं?”

मंडळाला माझी एकच विनंती आहे. उन्हाळी वर्गात मुलींना शिवण शिकवतो, ते शिकवावेच. त्याबरोबर स्क्रू ड्रायव्हर, पाने आणि पक्कड यांची एक पेटीही घ्यावी. गाडीच पाहिजे असे नाही. बिघडलेला पंखा, मिक्सर पुरे, फक्त वीज काढून ठेवलेली असावी. पेटी घेतली, तर मी दर शनिवारी दुपारी येऊन बसेन.