दिसणे, पाहणे आणि मागणे

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या भागांतल्या मराठी शाळांतून आलेल्या इंग्रजीच्या शिक्षक-शिक्षिकांनो,

आपल्या वर्गांत फळ्यावर एका बाजूला सी, लुक, वॉच लिहिलेलं असतं आणि तिन्हींपुढे एकच अर्थ: पाहणे. मूल तो पाठ करतं आणि पेपरात ‘आय लुक्ड अ स्नेक’ लिहून येतं. आपण लाल रेघ मारतो. ती चूक मुलाची नाही, ‘सी’पुढे ‘पाहणे’ लिहिलं तिथेच ती झाली. बांधावरून येताना साप आडवा गेला तर घरी येऊन मूल काय सांगतं? ‘मला साप दिसला.’ त्यानं काही केलं नाही, साप नजरेला पडला. हे ‘सी’. मग त्यानं मुद्दाम नजर वळवली, ते ‘लुक’. बिळात शिरेपर्यंत बघत उभं राहिलं, ते ‘वॉच’. ऐकू येणं आणि कान देऊन ऐकणं यांतही ‘हिअर’ आणि ‘लिसन’ असाच फरक आहे. जोड्या सगळीकडे जुळत नाहीत, हे खरं. ‘सी अ डॉक्टर’ला आपण ‘डॉक्टरांना दाखवणं’ म्हणतो. पण हा भेद मूल घरूनच घेऊन आलेलं असतं.

आपल्या बाकांवर तिसरी भाषाही बसलेली असते. कन्नडातलं ‘ननगे काणिसितु’ हे ‘मला दिसलं’ याच घडणीचं आहे, म्हणून घरी कन्नड बोलणाऱ्या मुलालाही ही किल्ली लागते. तिथलं ‘केळु’ मात्र ऐकण्यालाही चालतं आणि विचारण्यालाही. ते मूल ‘आस्क’ आणि ‘लिसन’पाशी अडखळलं, तर ते कुठून येतंय हे शिक्षकाला कळायला हवं.

निपाणीच्या शिक्षकांना तर उदाहरण शोधायला गल्लीबाहेर जायला नको. बाया विड्या वळतात, आजी लाडू वळते, कुणी दोर वळतो, पोरं गुरं वळतात, रस्ता वळतो. मराठीत एक क्रियापद, इंग्रजीत रोल, शेप, ट्विस्ट, हर्ड, टर्न. उलट ‘वेअर’ हे एकटं क्रियापद घ्या. आपण लुगडं नेसतो, सदरा घालतो, गजरा माळतो, पटका बांधतो, कुंकू लावतो. ‘गजरा नेसला’ म्हटलं तर पहिलीतलं पोरही हसेल. क्रियापद आपला सोबती पाहून येतं, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करा, अर्थांच्या यादीपासून नको.

मी हे इतकं आग्रहानं का सांगतो? नोकरीच्या पहिल्या वर्षांत विडी वळणाऱ्या एका बाईंसाठी मी इंग्रजीत अर्ज लिहिला. मुलीचा दाखला हवा होता. ‘मी मागते’ असं त्या म्हणाल्या आणि मी ‘डिमांड’ लिहिलं. ही भाषा कसली, असं म्हणत कचेरीतल्या माणसानं अर्ज परत केला. बाईंची दिवसाची मजुरी बुडाली. आपण पाणी मागतो, भीक मागतो, क्षमा मागतो, हक्क मागतो, सोयरिकीला मागणी घालतो. इंग्रजीत यांतल्या प्रत्येकाला वेगळं दार आहे. बाईंना ‘रिक्वेस्ट’ हवं होतं. पण हक्काच्या कागदावर ‘रिक्वेस्ट’ लिहिलं तर हक्काची विनवणी होते, तिथे ‘क्लेम’च हवं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागातल्या मराठी माणसाची किती गाऱ्हाणी इंग्रजी कागदांवरून गेली! 2004 साली सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही इंग्रजीतच. इथं क्रियापदाची निवड हा दोन गुणांचा प्रश्न नाही.

शब्दांची अशी पारख करणारे कोशकार बाबा पदमनजी बेळगावचेच, जन्म 1831. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा निघाला तोही त्याच वर्षी, आणि पुढे त्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती याच बाबांनी तयार केली. दोन भाषांमधली ही कामगिरी आपल्या मातीला नवी नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येकानं वर्षभर एक वही ठेवावी. मुलांनी लिहिलेलं चुकलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यावं, आणि ते मूल मनात मराठीत किंवा कन्नडात काय म्हणत होतं, हे त्यालाच विचारून शेजारी लिहावं. पुढच्या अधिवेशनात त्या वह्या आपण इथंच एकत्र वाचू. माझ्या वहीचं पहिलं पान भरलेलं आहे. त्यावर ‘मागणे’ आहे.