मिरगात कोंबी बसवू नको

(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गावठी कोंबडीपालनाचं विचारायला माझ्याकडे येणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न असतो, "काकी, वर्षाला किती बॅचेस निघतात?" एकच, असं सांगितलं की त्यांचे चेहरे उतरतात. आज त्या एका बॅचबद्दलच बोलणार आहे.

आमची सावंतवाडी तालुक्यात थोडी भातशेती आहे. दिवाळीच्या सुमारास भात कापून, झोडून झालं की खुडूक झालेली कोंबडी बसवायची. टोपलीत पेंढा, त्यात उवा होऊ नयेत म्हणून राख, वर दहा-बारा अंडी. सातव्या रात्री बॅटरीपुढे अंडं धरलं तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात दिसत नाही, ते काढून टाकायचं. 21व्या दिवशी पिल्लं चोच मारून बाहेर येतात.

त्या वेळी मळे मोकळे असतात. सांडलेलं भात, धसकटातले किडे, बांधावरची वाळवी. कोंबडी दोन्ही पायांनी माती उकरते, एक पाऊल मागे सरते, बघते. काही सापडलं तर स्वतः गिळत नाही. चोचीत उचलते, पिल्लांपुढे टाकते, पुन्हा उचलते, आणि तोंडाने कुक्-कुक् चालूच. हे शिक्षण मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला कोण देणार? मी तासन् तास बघत उभी राहिले आहे.

ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. आमच्या कोंबड्याला दीड किलो व्हायला सहा-सात महिने लागतात. मार्गशीर्ष-पौषातलं पिल्लू म्हणजे बरोबर आषाढात तयार. गटारीला गिऱ्हाईक दारात येतं, नंतर श्रावण लागतो आणि खुराडं निवांत होतं. आमच्या सणावारांचं आणि कोंबडीचं वेळापत्रक इतकं जुळलेलं आहे की यामागे पिढ्यांचं निरीक्षण असणार, असं मला मनापासून वाटतं.

हे वेळापत्रक मोडायचं नसतं, हे मला नुकसानीतून कळलं. एका हॉटेलवाल्याने डिसेंबरसाठी पक्षी मागितले. हिशेब केला, जूनमध्ये अंडी बसवली. सासूबाई म्हणाल्या, "मिरगात कोंबी बसवू नको गो." मी ऐकलं नाही. 47 पिल्लं निघाली. सातव्या दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यात लासोटा लसीचा थेंब घातला, त्यामुळे मानमोडी आली नाही. आली ती रक्ती हगवण. तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पुन्हा बाधायला तयार होतात. कोरड्या उन्हात ते टिकत नाहीत, पण आषाढात ऊन आणायचं कुठून? भुसा रोज बदलला तरी सकाळपर्यंत दमट. पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात उभी राहायची. नऊ जगली.

गोव्यात बार्देशातली माझी एक मैत्रीण दोन डुकरं पाळते, तीही हंगामानेच. पाऊस सरला की पिल्लं आणते. कोंडा, पेजेचं पाणी, मग काजूच्या बोंडांचा चोथा, फणस. मिरचीचा मळा संपला की त्याला कुंपण घालून डुकरं आत सोडते. नाकाड जमिनीत खुपसून ती वीतभर खोलवरून लव्हाळ्याच्या गाठी काढतात. आपण खुरप्याने लव्हाळा कापतो तो वरचा, गाठ खालीच राहते. डुक्कर ती गाठच खातं. मात्र त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. म्हणून वैशाखात सावली आणि चिखलाचा डबरा हवाच. आणि मोकाट तर कधीच सोडायचं नाही. माणसाची विष्ठा खाल्लेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी येतो, हे मी जिथे जाते तिथे सांगते.

मे महिन्यात ती डुकरं कापते. मीठ, मिरची, माडाचं व्हिनेगर लावून चोरीस नावाचे सॉसेज भरते, उन्हात वाळवते आणि चुलीवर टांगते. पावसाळ्याच्या या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. जून लागला की गोठा रिकामा. ओल्या दिवसांत ना जनावर सांभाळावं लागतं, ना मांस वाळवण्याची काळजी.

प्रश्नोत्तरं थोडक्यात घेऊ या. घरी डालग्याखाली तीन कोंबड्या बसल्या आहेत आणि आज त्यांचा विसावा दिवस आहे. निघताना एका अंड्याला कान लावला, तर आतून किंचित टकटक ऐकू येत होती. मला शेवटची एसटी गाठायची आहे.