चाळीस लिटरांचा समुद्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर्जापूर रोडवर बसून समुद्राविषयी बोलणे काहीसे चमत्कारिक वाटेल. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर राहतो. मंगळुरू काय किंवा चेन्नई काय, रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. जेथे गोड्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे खाऱ्या पाण्याचे कौतुक कोणाला? तथापि मालवण-वेंगुर्ल्याकडची मंडळी आपल्यात आहेत; १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय वडिलांचे बोट धरून पाहिलेलेही असतील. त्यांच्या भरवशावर, मेजावर मावेल अशा प्रवाळखडकाच्या धर्तीवरील पेटीविषयी चार गोष्टी सांगतो.

पेटी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर चाळीस लिटर. वाळू आणि खडक घातल्यावर पाणी उरते तीसएक लिटर. लहान म्हणून ती सोपी, असा समज आहे. वास्तविक प्रकार उलटा आहे. एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हे समुद्राचे प्रमाण. आपल्या कोरड्या हवेत दिवसाला अर्धा लिटर पाणी सहज उडून जाते, पण मीठ मागेच राहते. सहा दिवस दुर्लक्ष झाले की तीन लिटर पाणी गेले, आणि ३५ चे ३९ झाले. मोठ्या हौदात हा फरक जाणवणारही नाही. येथे तो जिवावर बेततो. म्हणून रोजची भर नेहमी गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची कधीही नव्हे.

मीठ कोणते, हा पुढचा प्रश्न. स्वयंपाकघरातले चालत नाही. मिठागरातले जाडे मीठही चालत नाही, कारण आगरात मीठ धरते तेव्हा मॅग्नेशियमसारखे क्षार बहुतांशी मागच्या कडवट पाण्यात राहून जातात. सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले तयार सागरी मीठच आणावे. ते मिसळावयाचे पाणी आपल्या बोअरवेलचे नको. ते जड असते. आर. ओ. यंत्राचे पाणी घ्यावे, पण घरगुती यंत्रांत पाणी चवदार व्हावे म्हणून पुष्कळदा शेवटी खनिजे परत मिसळतात. त्या टप्प्याआधीची नळी सोडवून पाणी काढावे लागते. तांब्याचे भांडे मात्र दूर ठेवावे. आपल्याला पथ्यकर वाटणारे तांबे कोळंबी-शंखांना विष आहे.

आता संयमाचा भाग. वाळू, खडक, पाणी, प्रवाह खेळवणारा छोटा पंप आणि तापमान २५-२६ अंशांवर ठेवणारा हीटर (डिसेंबरच्या रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो) एवढे झाल्यावर चार ते सहा आठवडे पेटीत काही सोडू नये. टाकाऊ अन्नापासून अमोनिया होतो; एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. पहिली दोन द्रव्ये घातक, तिसरे बरेच सौम्य. हे जिवाणू जमेपर्यंत पेटी रिकामीच शोभते. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या पेटीतील मूठभर वाळू मिळाली, तर ती विरजणासारखी उपयोगी पडते. मुलांना हा काळ फार लांब वाटतो; दुकानदारांना त्याहून लांब.

यानंतर प्रवाळ. पोवळे आपल्याला मंगळाच्या अंगठीतून आणि नवरत्नांच्या यादीतून ठाऊक. तो मृत सांगाडा. खडक रचणारे जिवंत प्रवाळ हा प्राणी असून त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, आणि प्रकाशावर तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. पाणी अति तापले की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली लक्षद्वीपात असा मोठा संहार झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहे. १९८७ पासून तो परिसर सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. २००१ साली खडक रचणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, घेतली गेली. तेव्हा कोणी दुकानदार हळूच मागच्या खोलीत नेऊन तुकडा दाखवू लागला, तर नमस्कार करून बाहेर यावे. परदेशी पुस्तकांत ज्या ‘जिवंत खडका’चे गोडवे असतात, तो बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी भाजलेल्या मातीचा सच्छिद्र खडक वापरावा. जिवाणू त्यावर भेदभाव करीत नाहीत.

मग प्रवाळाविना प्रवाळखडक कसला, असे विचाराल. माझ्या मते शंख, एखादी सफाई करणारी कोळंबी, हिरवे शैवाल आणि एकच क्लाउनफिश एवढे कुटुंब पुरेसे आहे. मासाही समुद्रातून धरलेला नको. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाची बंदिस्त पाण्यात पैदास करण्याचे तंत्र बसविले आहे. तसा वाढलेला मासा मागून घ्यावा, दोन पैसे अधिक पडले तरी.

शेवटचा प्रश्न गणपतीचा. आपण आठ दिवस गावी जाणार, मग पेटीकडे पाहणार कोण? शेजारच्या वहिनींकडे किल्ली द्यावी. पाण्याच्या पातळीवर काचेला चिकटपट्टीची रेघ मारावी, रेघेपर्यंत साधे पाणी ओतण्यास सांगावे आणि खाद्य रोजच्या पुड्या बांधून ठेवावे. डबा मात्र कुलपात असावा. शेजाऱ्यांचे मन मोठे असते आणि माशाचे पोट लहान.