शेवटच्या बाकावर काय ऐकू येते?



वर्गखोलीचा विषय निघाला की आपण खिडक्या, बाके, रंगवलेल्या भिंती आणि हल्ली डिजिटल फळा यांविषयी बोलतो. त्यांचे महत्त्व आहेच. मी आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे : बाई जे शिकवतात ते मुलाला ऐकू येते का? शाळेच्या इमारतीचा अभ्यासावर जो परिणाम होतो, त्यातली ही बाजू आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे, असे माझे ठाम मत आहे.

न्यूयॉर्कची हकिकत सांगतो. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला पी. एस. ९८ नावाची सरकारी शाळा आहे. तिच्या एका अंगाने खांबांवरून रेल्वे जाते. १९७०च्या दशकात तिथे दर साडेचार मिनिटांनी गाडी धडधडत जायची आणि त्या बाजूच्या वर्गांत अर्धा मिनिट आवाज ८९ डेसिबलपर्यंत चढायचा. एवढ्या आवाजात शिकवायचे म्हणजे ओरडायचे, नाहीतर गप्प उभे राहायचे. पालक कोर्टात जाण्याच्या तयारीत होते. पण मुलांचे नुकसान होते हे दाखवल्याशिवाय दाव्यात दम नव्हता. त्यांच्यातली एक आई मानसशास्त्राच्या प्राध्यापक आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांची विद्यार्थिनी होती. तिच्याकडून हे कळल्यावर ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळाकडच्या आणि मागच्या शांत बाजूच्या वर्गांतील मुलांचे वाचनाचे गुण शेजारी शेजारी मांडले. सहावीपर्यंत पोहोचता पोहोचता रुळाकडची मुले जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली होती. हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला.

पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. रेल्वेने रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, शिक्षण मंडळाने सर्वाधिक गोंगाटाच्या खोल्यांना आवाज शोषणारे छत केले. ब्रॉन्झाफ्ट यांनी पुन्हा गुण तपासले. १९८१ साली त्यांनी लिहिले, की दोन्ही बाजूंची मुले आता बरोबरीने वाचतात. शाळा तीच, वस्ती तीच. बदलले ते रुळाखालचे रबर आणि डोक्यावरचे छत. ज्या मुलांना आपण ‘कच्ची’ म्हणून मोकळे होतो, त्यांच्यापैकी किती जण नुसती चुकीच्या खोलीत बसलेली असतील, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

मोठ्या माणसाला गोंगाटात एखादा शब्द निसटला तरी मागच्यापुढच्या संदर्भावरून तो भरून काढता येतो. सात वर्षांच्या मुलाकडे शब्दांची ती शिल्लक नसते. शुद्धलेखनाच्या तासाला बाई ‘कान’ म्हणतात, मागच्या बाकावर ‘पान’ लिहिले जाते आणि लाल शाईची फुली मुलाच्या वहीत पडते. स्वर दणदणीत असतात, दूरवर पोहोचतात. व्यंजने नाजूक, ती वाटेतच विरतात. मेळघाटातल्या ज्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात, त्याला तर मराठीचा प्रत्येक शब्द नीट कानावर पडायला हवा, कारण अंदाज बांधायला त्याच्याजवळ आधार कमी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा आणि घुमणारा आवाज ०.६ सेकंदात विरावा. आता आपली नेहमीची खोली आठवा. सिमेंटच्या उघड्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब किंवा पत्रा, मध्ये प्लायवूडचा पडदा आणि पलीकडे चौथीचे पाढे. कोकणात आषाढात पत्र्यावर सर कोसळू लागली की फळ्यावर लिहिण्यापलीकडे शिक्षकाच्या हाती काही उरत नाही. मी इथे ध्वनिक्षेपकावरून बोलतो आहे. आमच्या शिक्षिका दिवसभर तारस्वरात नुसत्या गळ्यावर बोलतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आहे, पाणी, स्वच्छतागृह, मैदान आहे, आवाजाबद्दल मात्र एक अक्षर नाही. हे बदलायला हवे.

भिंतींबद्दल जाता जाता एवढेच : तक्ते, पताका, चित्रे यांनी खच्चून भरलेली खोली हाही एक गोंगाटच, डोळ्यांचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०१४ सालच्या प्रयोगात बालवर्गातील मुलांचे लक्ष सजवलेल्या खोलीत जास्त वेळा उडाले आणि ती शिकली कमी.

आवाजावरचे उपाय महागच असतात असे नाही. बाकांच्या पायांना रबरी टोप्या लावल्या की फरशीवरचा कर्कश आवाज जातो. मागच्या भिंतीला सॉफ्टबोर्ड, खाली जाड सतरंजी, यांनी घुमणे कमी होते. पत्र्याखाली छत घालायला खर्च येतो, तो ग्रामपंचायतीकडे मागावा. आणि कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसवायचा हे ठरवायला तर एक पैसाही लागत नाही. पुष्कळ शाळांत रस्त्याकडची खोली पहिलीला मिळते आणि शांत मागची खोली कार्यालयाला. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा. त्याआधी शाळा भरलेली असताना एकदा शेवटच्या बाकावर जाऊन बसा, आणि फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाईंना नेहमीच्या आवाजात दहा सुटे शब्द वाचायला सांगून ते स्वतः लिहून पाहा.